सात बटणं

रोजची कामं माणूस स्वतः किती करू शकतो, हे तपासायला थेरपिस्ट पहाटे साडेपाचलाच त्या तरुणाच्या घरी पोचली. "कामावर जायची माझी तयारी बघायचीय ना? मग तेव्हाच या," असं त्यानेच फोनवर सांगितलं होतं. त्याचे हात जन्मापासून त्याचं ऐकत नसत. तरी वाचनालयातल्या नऊ वर्षांच्या नोकरीत त्याला एकही लेटमार्क नव्हता.

पलंगाच्या कडेला बसून त्याने कसाबसा शर्ट अंगात चढवला आणि बटणं लावायला घेतली. बोटं भलतीकडेच जायची, तो त्यांना पुन्हा जागेवर आणायचा. थेरपिस्ट बघत राहिली. सहावं बटण तिसऱ्यांदा निसटलं, तेव्हा तिचा हात नकळत पुढे झाला.

"राहू द्या मॅडम, लागेल ते," तो हसून म्हणाला.

सातवं बटण लागलं तेव्हा पंचेचाळीस मिनिटं झाली होती. वेळ लिहून घेऊन ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. तिथे त्याची आई स्टुलावर बसली होती. समोरचा चहा केव्हाच निवला होता.

"मावशी, तुम्हीही इतक्या लवकर उठता?"

"रोज. त्याच्याबरोबरच."

"त्याला मदत करायला?"

"नाही गं, न करायला." आईने मांडीवर एकमेकांत घट्ट गुंतवलेले हात हळूच सोडवले. "बटणं लावायला शिकायला त्याला चार वर्षं लागली. मला इथे नुसतं बसून राहायला सहा."