बाथरूममधली टाळी

नाचाच्या गाण्यांना लागणाऱ्या टाळ्या कॉम्प्युटरवर फुकट मिळतात. पण गाणी बनवणारा हा पठ्ठ्या प्रत्येक गाण्यासाठी माइक घेऊन बाथरूममध्ये उभा राहायचा आणि मनासारखी टाळी मिळेपर्यंत तळहात लाल करून घ्यायचा.

त्याचं सगळ्यात चांगलं गाणं एका बड्या डीजेने नुसतं ऐकायला म्हणून मागून घेतलं आणि स्वतःच्या नावावर खपवलं. आता अख्खं शहर त्यावर नाचत होतं.

दुपारी त्याच डीजेचा फोन आला. याने मुद्दाम स्पीकर लावला. चोर कसा बोलतो ते शेजारी बसलेल्या ताईलाही कळू दे.

"मित्रा, तुझी ती टाळी काढून घे."

"गाणं गिळलंस, आणि टाळी घशात अडकली होय रे?"

"चेष्टा नाही. गाणं बंद आहे, सगळी मशिनं बंद आहेत. तरी मधूनच वाजते."

संतापाने याने तळहातावर तळहात हाणला. हात झणझणले, पण खोलीत आवाज झाला नाही. टाळी फोनमधून आली, बाथरूमच्या घुमण्यासकट.

"आधी गाण्यावर माझं नाव लाव, हरामखोरा!" तो जीव खाऊन ओरडला.

भाजी चिरता चिरता ताईने वर पाहिलं. "नुसते ओठ काय हलवतोस? बोल की त्या मेल्याला."

तेवढ्यात फोनमधून त्याचं ओरडणं स्वच्छ घुमत आलं. मग डीजे तिकडे कुणाला तरी हळूच म्हणाला, "हेही रेकॉर्ड करून घे."