छापील उत्तर

"सर, उत्तरं न बघता तुम्हाला तरी गणित सुटतं का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून तोफेने भर वर्गात विचारलं. तोंड उघडलं की धडाडते, म्हणून वर्गात तिचं नाव तोफ. सर रागावले नाहीत. लोखंड, काँक्रीट अशा पदार्थांची ताकद कशी मोजायची, हा त्यांचा विषय. कपाटातून त्यांनी उत्तरांचं एक पिवळं पडलेलं पुस्तक काढलं.

"वीस वर्षांत कुणी उघडलेलं नाही. आधी स्वतः सोडव. मग उत्तरावर कागद ठेव आणि एकेक ओळच उघड."

रविवारी दुपारी ती बसली. संध्याकाळी आजोबांच्या वाढदिवसाला वीस माणसं येणार होती; बाबा बाल्कनीत खुर्च्या मांडत होते.

पहिलं गणित सोडवून तिने कागद सरकवला. समासात पेन्सिलीने लिहिलेलं: 'चिन्ह चुकलीस.' चुकलीच होती. दुसऱ्यात: 'एककं बदलली नाहीस.' नव्हतीच बदलली. तिला हसू आलं. मग बोटाला शिसं लागलेलं दिसलं. अक्षरं ताजी होती.

तिसरं गणित बाल्कनीचं. मुळात १.२ मीटर, नंतर वाढवून १.८. सळया जुन्याच. वीस माणसं पेलेल का? तिने दोनदा सोडवलं. लांबी दीडपट, तर भिंतीपाशी ताण सव्वादोनपट. नाही पेलणार.

कागद सरकवला. छापील उत्तरात लांबी १.२ च धरली होती. शेवटी 'सुरक्षित'. त्याखाली पेन्सिल: 'मीही छापलेलंच खरं मानलं.'

तिने आईच्या शिवणाच्या डब्यातून टेप उचलली. गेल्या वर्षी बाबांनी बाल्कनी हौसेने वाढवून घेतली होती. भिंतीपासून कठड्यापर्यंत १.८. भिंतीलगत फरशीवर केसाएवढी भेग गेली होती. तिच्याशेजारी, त्याच अक्षरात, एकच शब्द: 'इथे.'

तिने एकेक खुर्ची आत ओढली.

"अगं, काय चाललंय तुझं?" आई स्वयंपाकघरातून आली.

"बाल्कनी पेलणार नाही."

"कंत्राटदाराने लेखी दिलंय," खुर्च्यांमागोमाग आत आलेले बाबा म्हणाले. "आणि तुझं ते पुस्तक काय म्हणतं?"

"सुरक्षित म्हणतं."

"झालं तर मग." बाबा हसले.

तोफेने बाल्कनीच्या दाराला कुलूप घातलं. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला नाही.

"आई, बाबा, आज कुणीही बाहेर जाणार नाही. आजोबासुद्धा. वाढवलेला भाग पाडेपर्यंत किल्ली माझ्याकडे राहील."