अस्तर

"तिथून दिसतोय का?" नंदकिशोरनं ओरडून विचारलं.

"दिसतोय की!" शैला म्हणाली. गाडी येते त्या बाजूला, वळणापासून बरीच मागे ती उभी होती.

नंदकिशोरनं मान हलवली आणि पुन्हा ब्रश उचलला.

महाळुंग्याच्या ह्याच वळणावर त्यांची लेक, पूर्वी, गेली. दिग्विजयच्या गोदामात नोकरीला होती, शिफ्ट संपवून पायी निघाली होती. त्याचीच गाडी अंगावर आली. "दिसलीच नाही हो," एवढंच तो म्हणाला आणि सुटला. अजूनही संध्याकाळी तसाच भरधाव यायचा. गोदामाचे ट्रक मागच्या फाटकानं जात, कामगार पायी. ह्या रस्त्यानं गाडी आणणारा तो एकटाच.

गाड्यांचा वेग आवरायला वळणावर काहीतरी टाका म्हणून वर्षभर नंदकिशोर सरपंच लक्ष्मणरावांच्या मागे लागला होता. शेवटी आज सकाळी त्यांनी वळणावर अर्धा रस्ता अडेल असा काँक्रीटचा ठोकळा आणून टाकला. "रंगवायचं तेवढं तुम्ही बघा, सर," म्हणाले.

जन्मभर नंदकिशोरनं लपणारे प्राणी रंगवले होते. सालीवरचे पतंग, पाचोळ्यातला रातवा पक्षी. माळावर पालथं पडून ते कसे लपतात याचा अभ्यास केला होता. लहानपणी पूर्वी चित्रावर बोट फिरवून प्राणी हुडकायची. ती गेल्यापासून रहाटणीच्या घरात ब्रश वाळत पडले होते. आज ते बाहेर निघाले म्हणून शैलाच्या जिवाला बरं वाटत होतं.

"अहो, काळे-पिवळे पट्टे कधी मारणार?"

"आधी अस्तर."

पिवळ्या रंगाचा डबा अजून उघडलेला नव्हता. ठोकळ्यावर मातकट थर चढत होते. वर गडद, खाली फिकट.

"हरणाचं पोट पांढरं असतं ना, तसं," तो म्हणाला. तिला काही कळलं नाही. पण कितीतरी दिवसांनी तो आपणहून बोलला होता. तिचे डोळे भरून आले.

उन्हं कलली. नंदकिशोरनं तिला पुन्हा मागे पाठवलं.

"आता बघ."

शैलानं बघितलं. रस्ता, धूळ, पलीकडचा माळ. तिनं डोळे चोळले.

"अहो, आता नाही दिसत!" ती घाबरून ओरडली. "पट्टे मारा लवकर! त्याची यायची वेळ झाली!"

नंदकिशोरनं ब्रश धुतला. पिवळा डबा न उघडताच पिशवीत टाकला, आणि शैलाचा हात धरून तिला रस्त्यापासून लांब नेलं.