ईश्वरीची रेघ

आठवीच्या वर्गात फळ्याच्या जागी भिंतभर पडदा होता. वर्गात कुणी चाललं की कॅमेरे त्याच्या वेगाचा आलेख लगेच तिथे काढत. आज ईश्वरीची पाळी होती. ती खिडकीपासून दाराकडे निघाली. रेघ छान सपाट चालली होती, पण मध्येच ती एकदम खाली आली.

"बाहेरून बल लागल्याशिवाय वेग बदलत नाही," घोरमाडे मॅडम म्हणाल्या. "मग इथं बल कुणी लावलं?"

"कुणीच नाही, मॅडम! तिला कुणी हातसुद्धा लावला नाही," मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला.

मॅडमनी चित्रफीत मागे नेली. ईश्वरी थबकली होती त्याच क्षणी दारात तिचे वडील येऊन उभे राहिले होते. ते अजून तिथेच होते.

"जरा लवकर नेतो हिला," ते हसून म्हणाले. "चल गं."

"तास संपेपर्यंत राहू द्या ना," मॅडम कशाबशा म्हणाल्या.

"घरी काम आहे."

ईश्वरी निघाली. रेघ जराशी वर चढली, मग पावलागणिक उतरत गेली आणि दाराशी शून्याला टेकली. वडिलांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तशी रेघ पुन्हा वर उडाली आणि दोघं दिसेनाशी झाली.

पडद्यावर मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर उमटलं: बाह्य बल आढळले नाही.

मुलांनी ते मुकाट्यानं वहीत उतरवून घेतलं. मॅडमनी त्यांना थांबवलं नाही.