शेवंतीबाईंचं कपाट

"अगो, एकदा उघडून बघितलंस तर काय कपाट अंगावर पडणार आहे?" नवऱ्याने, दौलतने, चहाची बशी खाली ठेवत विचारलं.

शेवंतीबाई मेथी निवडत राहिल्या. परळच्या त्या कंपनीतल्या प्रत्येक माणसाची पर्सनल फाइल त्यांच्या ताब्यात होती. कोणाला कधी मेमो मिळाला, कोणाचं कसलं ऑपरेशन झालं, घरी कोण कोण आहे, सगळं त्यांच्या कपाटात. लालबागच्या त्यांच्या चाळीत हे पोरासोरांनाही ठाऊक. मुलीचं लग्न निघालं की कोणी ना कोणी जिना चढून यायचंच. "तुमच्याच कंपनीतला मुलगा आहे हो. जरा बघा ना." बाईंनी आजवर चकार शब्द काढला नव्हता. त्यापायी शेजारणीचा अबोला सोसला, सख्ख्या नणंदेचाही सोसला.

आता वेळ स्वतःच्या लेकीची होती.

आरोहीचं लग्न एकदा ठरून मोडलं होतं. मुलाने नोकरी सुटल्याचं लपवलं आणि ते कळलं तेव्हा पत्रिका वाटून झाल्या होत्या. पोरगी कितीतरी दिवस धड जेवत नव्हती. बाईंच्या जिवाला तेव्हा लागलेला घोर अजून गेला नव्हता. अशात दादरच्या वधूवर मंडळातून हितेंद्रचं स्थळ आलं आणि तो नेमका बाईंच्याच कंपनीतला निघाला, पनवेलच्या गोदामावरचा.

पाहायला तो एकटाच आला. आई गावी आजारी होती. पोहे खाऊन झाल्यावर तो मान खाली घालून म्हणाला, "काकी, माझं जे काही आहे ते तुमच्याच कपाटात आहे. तुम्ही फाइल बघा, मग जमलं तर कळवा. नाही कळवलंत तरी राग नाही."

ज्याच्या पोटात काही असतं तो आपल्या तोंडाने फाइल बघा म्हणेल होय? बाईंना मुलगा तिथेच आवडला.

"आई, तू हो म्हणालीस तर माझं हो," रात्री आरोही म्हणाली. "मी काही विचारणार नाही. मला आता विचारायचीच भीती वाटते गं."

नातलगाची फाइल उघडायची नाही, आपल्याकडे ठेवायचीही नाही, असा ऑफिसचा नियम होता. तो बाईंनीच हट्टाने करून घेतला होता. सोमवारी त्यांनी हितेंद्रची फाइल काढली आणि नाडीसुद्धा न सोडता थेट प्रितीच्या टेबलावर ठेवली. प्रिती आता त्यांची साहेब, पण काम शिकली ती त्यांच्याच हाताखाली.

"ही तुझ्या कपाटात ठेव. माझा जावई व्हायचाय."

प्रितीने नाव वाचलं. "मुलाशी नीट बोलून घ्या हां, ताई."

"मला शिकवतेस?" बाई हसल्या.

फाइलीतलं ओठांवर येता कामा नये, हा प्रितीला मिळालेला पहिला धडा, आणि तो बाईंनीच दिलेला. तिने मुकाट्याने फाइल आत ठेवली आणि कपाट लावलं.

"बघितलंस?" संध्याकाळी दौलतने दारातच विचारलं.

"नाही."

"आणि उद्या काही निघालं तर?"

"तो स्वतःहून बघा म्हणाला. त्यातच आलं सगळं."

"तुझ्यापुढे हात टेकले बाई," म्हणत तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

बाईंनी हितेंद्रला फोन लावला. "आमचा होकार आहे."

"काकी, नीट विचार केलात ना?"

"माझी खात्री झाली म्हणूनच फोन केला."

"तुमच्यासारखी माणसं असतात, हेच मला खरं वाटत नाही," तो म्हणाला. बाईंनी पदराने डोळे टिपले. इतकी वर्षं तोंड बंद ठेवल्याचं देवाने चीज केलं, असं त्यांना मनापासून वाटलं.

साखरपुडा चाळीच्याच हॉलमध्ये होता. आरोही हिरव्या साडीत पाटावर बसली होती. खूप दिवसांनी ती मैत्रिणींशी हसत होती. बाई दारात स्वागताला उभ्या राहिल्या.

हितेंद्र आईला धरून जिना चढून आला. त्याच्या बोटाला धरून चारेक वर्षांची एक मुलगी होती, नव्या फ्रॉकात, केसांत अबोलीचा गजरा. भाचीबिची असेल. बाईंनी तिच्या हातावर पेढा ठेवला.

हितेंद्र वाकून त्यांच्या पाया पडला.

"काकी, मनूची आई गेली तेव्हापासून जिथे जिथे सांगितलं तिथून नकारच आला. शेवटी मला तोंडाने सांगणंच जमेना. तुम्ही फाइलीत सगळं वाचलंत, मनूचं नाव वाचलंत, आणि तरी एका शब्दाने विचारलं नाहीत." त्याने मुलीला पुढे केलं. "आरोहीला तुम्ही कसं समजावलंत, देव जाणे. पण मनू सकाळपासून एकच विचारतेय, आत गेल्या गेल्या आई म्हणून हाक मारू का?"