दिलदार हाशिमभाईंचे ब्रेक

हाशिमभाईंची जुनी फियाट एकेकाळी शर्यतीत धावलेली. गाडी अजूनही वाऱ्यासारखी पळायची, फक्त थांबायची स्वतःच्या मर्जीने. निजामपुऱ्यात ब्रेक दाबला की पार पुढच्या पूर्णा गावात लागतो, असं तिथले यंत्रमाग चालवणारे लूमवाले म्हणत. शेवटी नव्वद साली हाशिमभाईंनी मन मोठं करून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून घेतले.

"जुने भंगारात टाकू ना? पार गेलेत ते," रामदास मिस्त्रीने विचारलं.

"शर्यतीच्या गाडीचे ब्रेक भंगारात? काहीतरीच!" म्हणत त्यांनी ते मेव्हण्याच्या, नूर मोहम्मदच्या फियाटला बसवायला लावले. त्याचे स्वतःचे ब्रेक बरे चालले होते, पण शर्यतीचं नाव ऐकून तोही भुलला. वर हाशिमभाईंनी बायकोला ऐकवलं, "जोहरा, तुझ्या भावासाठी मी काय काय करतो बघ!"

पुढच्याच आठवड्यात दोन्ही गाड्या काल्हेरला लग्नाला निघाल्या. पुढे हाशिमभाई, मागे मेव्हणा. वाटेत सुताच्या गाठोड्यांची हातगाडी आडवी आली. हाशिमभाईंनी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली. ते खुशीत "वाह!" म्हणताहेत तोच मागून दणका बसला आणि डिकी मागच्या सीटपर्यंत आली.

हाशिमभाई लालबुंद होऊन खाली उतरले. "अरे, तुझ्या गाडीला ब्रेक आहेत की नाहीत?"

 

"आहेत ना, दुल्हाभाई. तुम्हीच तर दिलेत."