तिसरं प्रूफ

"गोळी कशाबरोबर घेता, काकू?" रक्ताच्या रिपोर्टवरची नजर न उचलता डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

काकूंच्या आधी त्यांचे यजमान, भिंगकाका, सरसावून बसले. हे तर त्यांच्याच कौतुकाचं काम. रोज सकाळी ते स्वतः ग्रेपफ्रूट पिळत; संत्र्याहून मोठं, आतून गुलाबी, चवीला कडसर फळ. कोलेस्टेरॉलला बरं असतं म्हणून त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. बिया गाळून पेला भरायचा, शेजारी बशीत कोलेस्टेरॉलची गोळी ठेवायची आणि काकूंना हाक मारायची. तीन महिन्यांत एक दिवस खाडा नाही, तेही त्यांनी सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. या गोळीबरोबर हे फळ चालत नाही, त्या म्हणाल्या. त्याच्या रसामुळे शरीराला गोळीचा निचरा करता येत नाही. ती रक्तात साठत जाते आणि स्नायू झिजायला लागतात. पाय दुखतात ते त्यानेच. आणखी महिनाभर हे चाललं असतं, तर मूत्रपिंडावर बेतलं असतं.

भिंगकाका खुर्चीत मागे सरकले. पाय दुखतात असं काकू दीड महिना सांगत होत्या, आणि तुला चालायचा कंटाळा, दुसरं काही नाही, असं ते दीड महिना ऐकवत होते. परवाच काकू जिन्यात मधल्या पायरीवर बसल्या, तेव्हा शेजाऱ्यांदेखत त्यांनी विचारलं होतं, बाईसाहेबांसाठी पालखी मागवू का?

"रस मीच मागून घेते हो," काकू म्हणाल्या. "आवडतो मला."

काकूंना कडू कधीच आवडलं नव्हतं. रोज त्या डोळे मिटून, एका दमात पेला रिकामा करत आणि काकांकडे बघून हसत.

डॉक्टरीणबाई मग काकूंवरच रागावल्या. खोक्यात कागद असतो, तो निदान एकदा तरी वाचायला नको का? त्यांनी खणातून त्याच गोळ्यांचं नमुन्याचं खोकं काढलं आणि आतल्या कागदाची घडी उलगडून टेबलावर पसरली.

तो कागद भिंगकाकांनी लांबूनच ओळखला. दोन रकाने, मुंगीएवढी अक्षरं, खाली कोपऱ्यात त्यांच्याच छापखान्याची खूण. तिथे प्रूफं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. भिंग हे नाव तिथलंच. असली पत्रकं ते शेवटच्या शब्दापासून मागे मागे वाचत. मजकुराच्या अर्थामध्ये डोळा गुंतला की चूक निसटते, हे त्यांनी हाताखालच्या प्रत्येकाला शिकवलं होतं. आता ते पहिल्यांदाच सुलटं वाचत गेले. दुसऱ्या रकान्यात, मधोमध, ते फळ होतं.

"खरं तर हे कोणी वाचतच नाही," डॉक्टरीणबाई जरा नरमून म्हणाल्या.

"मी वाचलंय," भिंगकाका म्हणाले. "तीनदा. आणि रस मी द्यायचो. तिला तो आवडत नाही."

"वाचलं होतंत? मग?"

काकांनी कागदाची होती तशी घडी घातली. घडी अगदी जिथल्या तिथे बसली.

गोळी बंद, भरपूर पाणी प्यायचं, आठवड्याने पुन्हा रक्त तपासायचं, असं ऐकून दोघं बाहेर पडले. पायऱ्यांशी आल्यावर काकांनी खांदा पुढे केला. काकूंनी त्यावर हात ठेवला आणि एक पायरी उतरून त्या थांबल्या.

"तीनदा वाचलात," त्या म्हणाल्या. "चुका होत्या का हो?"

"होत्या," भिंगकाका पुढच्या पायरीकडे बघत म्हणाले. "एकही राहू दिली नाही."